पार्किंगच्या पर्व्हिअस (पाणी झिरपू देणाऱ्या) काँक्रीटला १ स्टार: आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुम्ही लिहिलंय की साध्या काँक्रीटपेक्षा जास्त पैसे घेतले, वरून घोटाईसुद्धा न करता खडबडीत सोडून दिलं आणि पहिल्याच मोठ्या पावसात गेटजवळ पाणी तुंबलं.

घोटाई आम्ही मुद्दामच करत नाही सर. या काँक्रीटमध्ये वाळू जवळपास नसतेच, खडीला फक्त सिमेंटचा पातळ थर आणि मधे मधे भोकं, चुरमुऱ्याचा लाडू असतो ना तसं. साधारण १५ ते २५ टक्के जागा मोकळी राहते आणि पाणी तिथूनच खाली उतरतं. वरून मशीनने घोटलं की सिमेंट पसरून भोकं बुजणार, व्हायब्रेटर घातला तर सिमेंट खाली बसून तळच बंद होणार, म्हणून रोलर मारायचा आणि लगेच प्लास्टिकने झाकून ७ दिवस हात लावायचा नाही. सुरुवातीला वरची थोडी सुटी खडी निघते, पण दोन महिन्यांनंतरही निघत राहिली तर फोटो पाठवा, तो पॅच आम्ही करून देऊ.

आता गेटजवळचं पाणी. कंप्लेंट आल्यावर आमची माणसं येऊन गेली, बाकी पार्किंगमध्ये बादली ओतली की पाणी बघता बघता गायब, गेटपाशी मात्र तसंच उभं. तिथे कुणाच्या तरी फ्लॅटच्या कामाची क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) उतरवली होती आणि माल पण त्याच स्लॅबवर कालवला होता, फोटो कमिटीकडे दिलेत. बारीक भुकटी भोकांत बसली की कितीही चांगलं काम असू दे, पाणी जाणारच नाही! हँडओव्हरच्या वेळी दिलेल्या कागदावर हे पहिलंच लिहिलंय, वाळू माती टाकू नका आणि पावसाळ्याआधी सफाई करून घ्या.

पैशांचं म्हणाल तर खर्च नुसत्या वरच्या स्लॅबचा नाहीये. ६ इंची स्लॅबखाली ८ इंच धुतलेली खडी आहे, दोन्ही मिळून १०० मिमीच्या आसपास पाऊस पोटात मावतो. तुमच्याकडे खाली काळी माती, ती पाणी पटकन पीत नाही, म्हणून भोकांचा पाइप टाकून ते बोअरवेलच्या रिचार्ज खड्ड्यात नेलंय. हेच पाणी आधी गटारात जायचं आणि उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवायची, याचं मला खरंच वाईट वाटतं. टँकर जिथे वळतो तिथे साधंच काँक्रीट ठेवा हेही आम्हीच सुचवलं होतं, जड गाडीच्या वळणाला हे टिकत नाही.

शनिवारी सकाळी प्रेशर वॉशर आणि व्हॅक्यूम घेऊन येतो, या वेळचे पैसे नकोत. भुकटी निघेल, पण जिथे कालवलेला माल घट्ट बसलाय तेवढा तुकडा कापून नव्याने भरावा लागेल, त्याचा खर्च कमिटीने ज्याचं काम होतं त्याच्याशी बोलून ठरवावा. सफाईनंतर स्लॅबवर गोल रिंग लावून त्यात पाणी ओतू आणि ते किती वेळात उतरतं ते तुमच्यासमोरच मोजू. तेवढं वॉचमनला सांगून गेटजवळच्या गाड्या आदल्या रात्रीच हलवून ठेवा.