‘तीन किलोचे १९० ग्रॅम’ : एक ताऱ्याच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या तीन मजली वाळवणाच्या जाळीत तुम्ही तीन किलो टोमॅटो वाळवायला घेतलेत आणि त्यातले काही तेलात भरलेत. वजन, लागलेले दिवस, पांढरे डाग, काळे पडलेले तुकडे आणि तेलाची बाटली, या तुमच्या तक्रारींना एकेक करून उत्तर देतो. आधी ती तेलाची बाटली. लसूण घातलेल्या तेलात बुडबुडे दिसले आणि झाकण काढताना फुस्स आवाज आला, असं तुम्ही लिहिलंय. चव बघू नका. वरचं तेल गाळून फोडणीलाही घेऊ नका. झाकण लावून, पिशवीत बांधून बाटलीसकट कचरागाडीत द्या. गाई-मांजराच्या तोंडी लागेल अशी ठेवू नका. लसूण मातीतला, त्याच्याबरोबर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात. तेलाखाली हवा नसते, लसणात आंबटपणा जवळजवळ नसतो, आणि बाटली बाहेर ठेवली की ऊबही मिळते. अशा जागी तो जिवाणू वाढून विष तयार करू शकतो. त्याच्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. तुमचे बुडबुडे साध्या आंबण्याचेही असतील, पण ते जिभेवर ठरवायचं नसतं.

यात चूक आमची आहे. जाळीबरोबरच्या कागदावर ‘आवडीनुसार लसूण, तुळस घालून तेलात ठेवा’ इतकंच छापलं होतं. ते वाक्य काढलंय. आता असं आहे: टोमॅटो पूर्ण वाळलेले हवेत, व्हिनेगरमध्ये बुडवून निथळून घ्यायचे, तेलात पूर्ण बुडतील असे भरायचे आणि बाटली फ्रिजमध्येच ठेवायची. ऑलिव्हचं तेल तिथे थिजतं, त्याने काही बिघडत नाही. ताजा लसूण हवाच असेल तर लागेल तेवढं वेगळं काढून त्यात घाला आणि फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.

आता ‘तीन किलोचे जेमतेम १९० ग्रॅम झाले, ही फसवणूक आहे’ याबद्दल. इथे मात्र आम्ही माघार घेणार नाही. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं. नीट वाळल्यावर किलोमागे ६० ते ८० ग्रॅम उरतात, बिया काढल्या तर खालच्या बाजूला. तुमचं वजन बरोबर आहे. किलोला १५० ग्रॅम निघाले असते तर अजून ओले आहेत, बरणीत भरू नका, असं आम्हीच म्हटलं असतं.

‘तीन दिवस लिहिलं, सहा लागले’, ही तक्रार मान्य. तीन दिवस हे एप्रिल-मेचं गणित आहे, आणि कागदावर महिना लिहायचा राहिला. जानेवारीत टोमॅटो स्वस्त म्हणून सगळे तेव्हाच आणतात, पण तेव्हा इंदुरात दुपारी २६-२७ अंश, पाचनंतर ऊन संपलं, रात्री १० च्या आसपास आणि वर दव. त्यात मावठा आला तर विचारूच नका. उघड्यावर वाळवायला दुपारचं तापमान निदान ३० च्या वर आणि हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली लागते. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आपल्याकडे दोन्ही मिळतं. कुरडया-पापड घालायचे दिवस तेच टोमॅटोचे. फक्त कुरडईचा अंदाज इथे लावू नका. टोमॅटो हा साल असलेला आंबट पाण्याचा गोळा आहे, पाणी निघतं ते कापलेल्या बाजूनेच.

तुम्ही लिहिलंय की रात्री गच्चीवरच ओढणी झाकून ठेवले. दिवसभर उडालेलं पाणी दवाने पहाटे परत भरलं, आणि ओलसर-गार तुकड्यावर बुरशी धरते ती अशीच. सूर्य कलला की जाळी घरात आणायची, पंख्याखाली टांगायची.

पांढरे डाग म्हणजे बुरशीच असं नाही. एका डागावर ओलं बोट टेकवा. मीठ असेल तर विरघळून नाहीसं होतं, खारट लागतं का हे बघायला चाखायची गरज नाही. बुरशी विरघळत नाही. भिंगातून कापसासारखे तंतू दिसतात आणि कोंदट वास येतो. एका तुकड्यावर बुरशी असेल तर त्याला चिकटून असलेलेही फेका, नुसता डाग खरवडून चालत नाही.

काळे पडले ते परातीतले, हे तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे उत्तर सोपं झालं. ॲल्युमिनियमला टोमॅटोचा आंबटपणा आणि मीठ एकत्र लागलं की धातू खायला सुरुवात होते, तुकडा करडा-काळा होतो. स्टीलची परात घेतली तरी खालून हवा नाही, तुकडा स्वतःच्याच रसात बसून राहतो. गडद किरमिजी रंग आला तर घाबरू नका, वाळलेला टोमॅटो तसाच दिसतो.

पण परात घ्यावी का लागली? कारण डब्यावर आम्ही ‘क्षमता ३ किलो’ छापलंय आणि जाळीत दोनच किलो मावले. तुकड्याला तुकडा न टेकता एका मजल्यावर ७००-७५० ग्रॅमच बसतात, म्हणजे तिन्ही मिळून सव्वादोन किलोच्या आत. शिवाय वरच्या मजल्याची सावली खालच्यावर पडते, म्हणून सकाळी आणि दुपारी मजले अदलाबदल करायचे. नव्या डब्यांवर दोन किलो लिहितोय.

पुन्हा कराल तर चोइथराम मंडीत लांबट, कडक, जाड गराचे टोमॅटो बघा. गोल, पातळ रसाचे सारासाठी उत्तम, वाळवायला नाहीत. उभे दोन भाग करा, मोठा असेल तर चार; गराची जाडी एक सेंटीमीटरच्या आत ठेवा. बिया आणि पाणी चमच्याने काढा. तुम्ही ‘चवीपुरतं’ मीठ घातलंत, ते कमी पडतं: किलोला १५ ते २० ग्रॅम, म्हणजे तीन सपाट चहाचे चमचे. मीठ लावून अर्धा तास चाळणीत पालथे ठेवा, खाली पडलेलं पाणी आमटीत घाला. मग साल खाली करून जाळीत. उलटायची घाई करू नका. वरची बाजू सुकून आक्रसली की, साधारण दुसऱ्या दिवशी, उलटा.

दिवस मोजण्यापेक्षा काटा वापरा. कापण्याआधीचं वजन लिहून ठेवा आणि किलोमागे ८० ग्रॅमच्या खाली आल्यावरच थांबा. तुकडा चामड्यासारखा वाकला पाहिजे, मधोमध फाडून दाबला तर ओल दिसता कामा नये. मग काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश सैल भरा आणि आठवडाभर रोज हलवा. काचेवर आतून दमट धुकं दिसलं तर परत उन्हात. उन्हात माशी-किड्यांची अंडी बसलेली असू शकतात, म्हणून शेवटी उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ४८ तास.

थंडीतच करायचे असतील तर ओव्हन ५५-६० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, आठ ते बारा तास. ज्या ओटीजीची (विजेच्या छोट्या ओव्हनची) खूण १०० पासून सुरू होते त्यात नकोच. वरची बाजू कडक होऊन पाणी आत कोंडतं आणि बरणीत आठवड्याने बाहेर येतं.

जाळीचे पूर्ण पैसे परत देऊ, महिन्याची अट लावणार नाही. ठेवायची असेल तर सुधारलेला कागद घेऊन जा. तेलाचे पैसे दोन्ही प्रकारे आम्हीच देऊ. येताना पांढरे डाग आलेले दोन तुकडे कागदात गुंडाळून आणा, मीठ की बुरशी ते काउंटरवर पाणी लावून बघू.