‘पिनबॉलचे पुरस्कार पैसा जिंकतो’ : एका लोकप्रिय दाव्याची उलटतपासणी

पिनबॉलच्या हौशी मंडळींमध्ये पुरस्कारांचा मोसम आला की एक दावा हमखास फिरू लागतो. तो थोडक्यात असा: वर्षातील सर्वोत्तम यंत्र ठरवणारे लोकमताचे पुरस्कार हा निव्वळ देखावा आहे, महागडे यंत्र काढणारी बडी कंपनीच तो जिंकते, किमती भरमसाट वाढल्या, पण रचनेत नवे काही उरलेले नाही, म्हणून मतदान बंद करून तज्ज्ञांचे परीक्षक मंडळ नेमावे. या चारही विधानांत थोडेथोडे तथ्य असल्यामुळेच दावा चटकन पटतो. मात्र अन्याय नेमका जिथे होतो, ती जागा त्याच्या नजरेतून सुटली आहे.

ज्यांनी लहानपणी खिळे ठोकलेल्या फळीवर बगाटेल खेळले आहे, त्यांना पिनबॉलचे मूळ वेगळे सांगायला नको. १९४७ मध्ये शिकागोच्या गॉटलीब कंपनीने ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रावर फ्लिपर, म्हणजे बटणाने हलवून चेंडू वर परतवणाऱ्या छोट्या पट्ट्या, बसवले आणि तोवर बव्हंशी नशिबावर चालणारा हा खेळ हाताच्या कौशल्याचा झाला. आजही मूळ मामला तोच आहे: साधारण साडेसहा अंशांच्या उतारावरून घरंगळणारा ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू, आणि तो खाली जाऊ नये म्हणून चाललेली धडपड.

आता पहिले विधान, म्हणजे ‘महाग तेच जिंकते’. किमतीनेच पुरस्कार मिळत असते, तर जर्सी जॅक कंपनीच्या १५,००० डॉलरच्या ‘कलेक्टर्स एडिशन’ यंत्रांना दुसरा स्पर्धकच उरला नसता. प्रत्यक्षात २०२१ च्या यंत्रांमध्ये लोकमताने वर आणले ते स्टर्न कंपनीच्या ‘गॉडझिला’ला, ज्याची सर्वांत महाग आवृत्तीसुद्धा त्या रकमेच्या बरीच खाली होती. कीथ एल्विन हा त्याचा रचनाकार स्वतः अव्वल दर्जाचा स्पर्धक खेळाडू आहे, आणि एका फटक्यातून दुसरा फटका कसा निघावा याची त्याची जाण त्या यंत्रात पदोपदी दिसते.

किमतीचा मुद्दा तरीही गैरलागू नाही. फक्त दावा करणाऱ्यांनी तो चुकीच्या टोकाने धरला आहे. स्टर्न एकाच नावाचे यंत्र तीन आवृत्त्यांत विकते. २०२३ च्या ‘फू फायटर्स’चे उदाहरण घ्या: प्रो ६,९९९ डॉलर, प्रीमियम ९,६९९ आणि लिमिटेड एडिशन १२,९९९. प्रीमियम आणि लिमिटेड यांच्यात ३,३०० डॉलरचा फरक आहे. पण त्या पैशांत वेगळी चित्रे, क्रमांकाची पट्टी, चकाकी कमी करणारी काच, असा साज मिळतो. प्लेफील्डवरच्या, म्हणजे चेंडू धावतो त्या फळीवरच्या, वाटा, रॅम्प (चेंडूच्या चढणी) आणि नियम दोन्हींत तेच असतात. म्हणजे सर्वांत महाग आवृत्तीने रचनेच्या मतावर परिणाम करण्याचे कारणच नाही. खरी भेग आहे ती प्रो आणि प्रीमियम यांच्यामध्ये. ‘गॉडझिला’च्या वरच्या आवृत्त्यांत मजले कोसळणारी इमारत आहे, प्रोमध्ये तो कोसळण्याचा प्रकार नाही. ‘एसी/डीसी’ या २०१२ च्या यंत्राच्या वरच्या आवृत्त्यांत मुख्य प्लेफील्डखाली आणखी एक छोटे प्लेफील्ड आहे, तर प्रोमध्ये ते मुळातच नाही. आणि गंमत अशी की ते नसल्यामुळे खेळाचा ओघ तुटत नाही, म्हणून प्रोलाच पसंती देणारे जाणकार खेळाडू आहेत. जास्त पैसे मोजून जास्त चांगली रचना मिळते, हे गृहीतक इथेच कोलमडते.

पुरस्कार मात्र नावाला मिळतो, आवृत्तीला नाही. बारमध्ये नाणी टाकून प्रो खेळलेला माणूस आणि घरच्या तळघरात प्रीमियम ठेवलेला माणूस एकाच चौकटीत खूण करतात, आणि दोघांनी वेगवेगळ्या यंत्रांना मत दिले आहे याची नोंद कुठेच होत नाही. मला ही या पुरस्कारांतली सर्वांत मोठी उणीव वाटते, आणि तिचा लाचलुचपतीशी काडीमात्र संबंध नाही.

‘रचनेत नवे काही नाही’ या विधानावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. यंत्र घडताना आधी व्हाइटवुड तयार होते, म्हणजे चित्रे न चढवलेली, उघड्या लाकडाची चाचणीची फळी. त्यावर रॅम्पचे तोंड दोन-चार मिलिमीटरने इकडेतिकडे सरकवले, तरी चेंडू वर चढून सुरळीत दुसऱ्या फ्लिपरवर येतो की कडेला आपटून थेट मधल्या खाईत जातो, हे बदलते. त्यातच प्रत्येक कॉइल (फ्लिपरसारखे भाग हलवणारी विजेच्या तारेची गुंडाळी) आणि प्रत्येक मोटर खर्चाच्या यादीत बसवावी लागते, आणि प्रोमधून एखादी यंत्रणा काढली तरी खेळ लंगडा पडू नये अशी आखणी पहिल्यापासून करावी लागते. हे काम आधीच्या पिढीपेक्षा सोपे झाले आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याने एखाद्या प्लेफील्डची खालची बाजू एकदा तरी उघडून पाहावी.

किमती का वाढल्या, याला ‘हाव’ हे एका शब्दाचे उत्तर पुरत नाही. १९९२ च्या ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ या यंत्राचे २०,२७० नग निघाले होते. रचना, साचे, चित्रपटाचे किंवा संगीतसमूहाचे परवाने या सगळ्यांचा खर्च तेव्हा इतक्या नगांवर वाटला जात असे. १९९९ मध्ये विल्यम्स या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने पिनबॉलचा धंदा बंद केला, आर्केड, म्हणजे नाणी टाकून खेळायची दालने, ओस पडली आणि उरलेल्या गिऱ्हाइकांत घरी यंत्र ठेवणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले. काही हजार सुटे भाग आणि सुमारे अर्धा मैल तार असलेली ही वस्तू आजही मुख्यतः हातांनीच जोडली जाते, त्यामुळे कमी नगांचा धंदा स्वस्त होणे कठीण आहे. लिमिटेड एडिशनच्या किमतीचे मात्र मी समर्थन करणार नाही. नग ५०० किंवा १,००० वर रोखून धरायचे आणि त्या टंचाईचे पैसे घ्यायचे, हा सरळसरळ दर्दींच्या उत्साहावर लावलेला कर आहे. तो खुशाल टीकेचा विषय व्हावा. पण ती टीका विक्रीच्या धोरणावर असावी, मतपेटीवर नव्हे.

बडी कंपनी वारंवार जिंकते हे निरीक्षण बरोबर आहे. त्यामागचे कारण लाच नसून पोच आहे. स्पूकी या विस्कॉन्सिनमधल्या छोट्या कंपनीने ‘रिक अँड मॉर्टी’चे ७५० नग काढले. ते बहुतांश दर्दींच्या घरी गेले, आणि मत देणाऱ्यांपैकी ज्यांनी त्या यंत्राला कधी हातही लावला नाही, त्यांनी साहजिकच आपण खेळलेल्या यंत्राला पसंती दिली असणार. वर्षअखेरीस बाजारात आलेल्या यंत्रांचीही हीच गत होते. शिवाय नियमांचे सॉफ्टवेअर विक्रीनंतर कित्येक महिने सुधारत राहते, त्यामुळे मतदानाच्या वेळी यंत्र अर्धवटच असते.

परीक्षक मंडळाचा उपाय ऐकायला भारदस्त वाटतो. जर्मनीत १९७९ पासून दिला जाणारा ‘श्पील देस यारेस’ हा पटावरच्या खेळांचा पुरस्कार समीक्षकांचे मंडळ देते, आणि त्याचा दबदबा वादातीत आहे. पण पटावरच्या खेळाचा खोका टपालाने प्रत्येक परीक्षकाच्या घरी पोहोचतो. पिनबॉलचे यंत्र शंभर किलोहून जड, आणि किमतीला मोटारीच्या जवळपास. ते परीक्षकांपुढे ठेवणार कोण? उत्तर उघड आहे: कंपनी. म्हणजे ज्या हितसंबंधांच्या भीतीने मतदान नाकारायचे, तेच मागच्या दाराने आत येणार. त्यातही हे वर्तुळ फार लहान आहे. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या समितीपुढे पिनबॉल खेळून दाखवून बंदी उठवण्यास हातभार लावणारे रॉजर शार्प हे लेखक होते, यंत्रांचे रचनाकार होते आणि पुढे विल्यम्समध्ये परवान्यांचे कामही पाहत होते. याबद्दल त्यांना कोणी दोष देऊ नये. मात्र कोणाशीच लागेबांधे नसलेले तज्ज्ञ इथे शोधून काढणे किती अवघड आहे, हे त्यावरून कळते.

मतपत्रिकेतच दुरुस्ती केली तर काम भागेल. मतदाराने प्रत्येक यंत्रापुढे ते खेळले की नाही आणि कोणती आवृत्ती खेळली, हे नोंदवावे. खेळलेल्या यंत्रांनाच गुण द्यावेत. किमान ठरावीक संख्येने गुण मिळालेल्या यंत्रांची सरासरी लावावी. आणि निकालात प्रो व प्रीमियम वेगळे, किमतीसकट छापावेत. लोक खोटे लिहितील, अशी शंका यावर येईल. काही जण लिहितीलही. पण आज न खेळलेल्या यंत्राबद्दल मतदाराला काही विचारलेच जात नाही, आणि त्याचे मौन त्या यंत्राच्या विरोधातले मत म्हणून मोजले जाते.