‘सगळे रिपोर्ट नॉर्मल’ सांगून झालं, पुढे काय?

गोव्यात डिचोली असो, पेडणे असो की फोंडा, फॅमिली डॉक्टरच्या ओपीडीत असे पेशंट रोज येतात. हातापायाला मुंग्या, डोकं जड, छातीत धडधड, पोटात गोळा, अंगात त्राण नाही. सोबत पिशवीत जाडजूड फाइल. म्हापशाची सोनोग्राफी, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचा केसपेपर, दोन-तीन लॅबचे रिपोर्ट. सगळं नॉर्मल. मग ठरलेलं वाक्य येतं, ‘तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.’

हे वाक्य आपण डॉक्टरांनी बंद केलं पाहिजे. पेशंटचा त्रास खरा असतो. ‘काही नाही’ ऐकून तो गप्प बसत नाही, दुसरा डॉक्टर शोधतो आणि तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात.

वेळ नसतो म्हणून ऐकता येत नाही, ही सबब टिकत नाही. १९८४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला मध्येच तोडताना दिसले. २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये मोजलं तेव्हा न अडवलेल्या पेशंटचं बोलणं सरासरी दीड मिनिटात आटोपलं. तेवढं ऐकावं आणि विचारावं, हे कशामुळे होतंय असं तुम्हाला वाटतं? नेमकी भीती कशाची वाटते? उत्तर बहुतेकदा अगदी ठरावीक असतं. शेजारच्या काकींना पोटाचा कॅन्सर निघाला, भाऊ झोपेतच गेला. देवळात कौल लावला का, दृष्ट काढली का, हेही सहज विचारावं. घरात कशाची धास्ती आहे ते तिथे कळतं.

मग तपासणी, आणि ती दर भेटीत. पोट दुखतं म्हणणाऱ्याच्या पोटाला हात लावलाच पाहिजे. वजन घटणं, रात्रीचा ताप, शौचातून रक्त, गिळायला त्रास, झोपेतून उठवणारं दुखणं, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांतलं काही असेल तर वाट पाहू नये. तसं काही नसेल तर हिमोग्राम, ईएसआर (अंगात सूज किंवा संसर्ग आहे का ते), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), लघवी आणि गरजेप्रमाणे ईसीजी, एवढं एकदाच करावं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची पँटोप्राझोल बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणीही धरावी, मासे खाणाऱ्या घरातही. आणि रक्त काढण्याआधीच सांगावं, ‘हे नॉर्मल येतील असा माझा अंदाज आहे. तसे आले तर त्रास कशाने होतो तेही मी समजावून सांगेन.’ रिपोर्ट आल्यावर तेच सांगितलं तर पेशंटला ती बोळवण वाटते. एमआरआय उगाच काढू नये. काहीही दुखत नसलेल्या वीस वर्षांच्या मुलांतसुद्धा सुमारे ३० टक्के जणांच्या मणक्याची चकती फुगलेली दिसते, आणि ती एक ओळ वाचून माणूस वाकायचा बंद होतो.

समजावणं शरीराच्या भाषेत हवं. तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येणाऱ्याला सांगावं की भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मोकळं कॅल्शियम घटतं आणि नसा चाळवतात. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण नसेल तर समोर बसवून मिनिटभर जोरात श्वास घ्यायला लावावा. त्याच मुंग्या तिथेच आल्या की पटतं. मग नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, दिवसातून दोनदा दहा मिनिटं. तोंडाला कागदी पिशवी लावणं मात्र नको.

अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचंही तसंच. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच पाहणीत या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी जास्त दिसला. तरी पहिली चिठ्ठी अँटिबायोटिकची निघते, आणि संसर्ग नसताना घरात संशय मात्र पेरला जातो.

औषधांबद्दल मी कडक आहे. घबराटीवरची अल्प्राझोलाम गोळी नको, सवय लागते. सलाईन आणि ताकदीची इंजेक्शनं नकोत, कारण त्यांनी ‘आजार मोठा आहे’ हाच निरोप जातो. जुनं दुखणं आणि झोपेचा त्रास एकत्र असेल तर रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन उपयोगी पडतं. काचबिंदू, प्रोस्टेट आणि हृदयाचा त्रास आधी विचारावा. ही गोळी नैराश्यासाठीही देतात पण इथे कमी डोसमध्ये दुखण्यासाठी आहे, तोंड कोरडं पडेल, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, हे आपणच सांगावं. नाहीतर तो मोबाइलवर वाचतो आणि गोळी बंद करतो.

पुढची भेट तारीख लावून. ‘त्रास झाला तर या’ म्हटलं की डॉक्टर भेटायला त्रास व्हावाच लागतो. १९८६ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात मानसोपचारतज्ज्ञाने अशा पेशंटना तपासून त्यांच्या डॉक्टरांना एक पत्र दिलं होतं. चार ते सहा आठवड्यांनी ठरवून भेटा, दरवेळी तपासा, विनाकारण चाचण्या करू नका. पेशंटचा उपचारखर्च निम्म्याहून खाली आला, तब्येत बिघडली नाही.

आपल्याकडे गोव्यात नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी झालेल्या ‘मानस’ प्रयोगात प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सरकारी आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांना चांगला गुण दिला. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. असा माणूस प्रत्येक आरोग्य केंद्रात कायमचा हवा, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

बांबोळीला मानसोपचारासाठी पाठवायचं झालं तर चिठ्ठीत झालेल्या तपासण्या, पेशंटची नेमकी भीती आणि आपल्याला काय विचारायचंय ते लिहावं. त्याच वेळी आपल्याकडची पुढची तारीखही फाइलवर घालून द्यावी, नाहीतर डॉक्टरांनी हात झटकले असंच त्याला वाटतं.