माद्रिदचा मजूर नाका

माद्रिदच्या दक्षिणेला प्लाझा एलिप्तिका नावाचा मोठा चौक आहे. 2012 च्या हिवाळ्यात मी कामानिमित्त त्या शहरात होते आणि रोज पहाटे तिथे बस बदलायचे. अंधारात पंचवीस-तीस पुरुष उभे असायचे. खांद्याला पिशवी, पायात सिमेंटनं पांढरे पडलेले बूट. एखादी व्हॅन थांबायची, ड्रायव्हर खिडकीतून दोन बोटं दाखवायचा, आणि दोघं आत बसायचे. आपल्याकडचा मजूर नाका, जसाच्या तसा. त्यातले कितीतरी जण पाच वर्षांपूर्वी दरमहा पगार घेत होते, स्वतःच्या घराचा हप्ता भरत होते.

2008 नंतरच्या मंदीत स्पेनमध्ये एवढी बेरोजगारी का वाढली, हा विषय निघाला की आजही कुणीतरी म्हणतं, दुपारी झोपणारे लोक, त्यात सरकारची उधळपट्टी, दुसरं काय होणार! हे ऐकलं की मला खरंच राग येतो. 2007 मध्ये स्पेनच्या सरकारवरचं कर्ज जीडीपीच्या 36 टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे जर्मनीपेक्षा कमी, आणि अर्थसंकल्प शिलकीत होता. कर्जात बुडाली होती ती कुटुंबं आणि बिल्डर. आणि दुपारची झोप 2007 मध्येही होतीच की, तेव्हा बेरोजगारी 8 टक्के होती. 2013 च्या सुरुवातीला ती 27 टक्क्यांवर गेली. साठ लाखांहून जास्त माणसं.

माझ्या घरमालकीणबाईंचा भाऊ गिलाव्याचं काम करायचा. सोळाव्या वर्षी शाळा सोडली, कारण साइटवर त्याला त्याच्या मास्तरांपेक्षा जास्त पैसे मिळत होते. कोण थांबेल शाळेत? युरो आल्यावर व्याजदर उतरले, बँका मागेल त्याला कर्ज देत होत्या, दहा वर्षांत घरांच्या किमती जवळजवळ तिप्पट झाल्या. 2007 मध्ये सुमारे 27 लाख लोक बांधकामावर होते. मग तेजी ओसरली, आणि 2013 पर्यंत त्यातले 10 लाखांच्या आसपास उरले. देशात 5 कोटी टनांहून जास्त सिमेंट खपत होतं, ते पाचव्या हिश्श्यावर आलं. साइट थांबली की गवंडी एकटा घरी बसत नाही. कास्तेयोनच्या टाइल्सच्या भट्ट्या थंडावतात, फर्निचरवाला बसतो, साइटसमोरचा कॉफीवाला शटर ओढतो.

पण बांधकाम आयर्लंडमध्येही असंच कोसळलं होतं आणि तिथली बेरोजगारी 15 टक्क्यांच्या आसपास थांबली. मग स्पेनमध्येच 27 का? माझ्या मते यातला मोठा वाटा नोकरीच्या कंत्राटाचा आहे. तिथला जवळजवळ प्रत्येक तिसरा नोकरदार मुदतीच्या कंत्राटावर होता. कायम माणसाला काढायचं तर बहुतेक वेळा नोकरीच्या दर वर्षामागे 45 दिवसांचा पगार मोजावा लागे, मुदतवाल्याला नाममात्र रकमेत घरी पाठवता येई. त्यामुळे मंदी आल्याबरोबर मालकांनी कामाचे तास किंवा पगार कमी करण्याच्या भानगडीत न पडता सरळ माणसं काढली, त्यातही तरुण आधी. 2009 मध्ये जर्मनीचं उत्पादन स्पेनपेक्षा जास्त घसरलं होतं. तिथे कंपन्यांनी कामाचे तास कमी केले, बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारनं भरला, आणि बेरोजगारी फारशी वाढली नाही.

आणि मग कर्ज. बहुतेक गृहकर्जं बदलत्या व्याजाची होती. 2008 च्या मध्यापर्यंत दर चढतच गेले, हप्ते फुगले, आणि त्याच वेळी नोकऱ्या गेल्या. आमच्या या भाऊसाहेबांनी किचनच्या टेबलावर बँकेचं पत्र पसरून मला दाखवलं होतं. घर जप्त झालं, लिलावात कमी किमतीला गेलं, आणि उरलेली रक्कम व्याज आणि कोर्टखर्चासकट त्यांच्याच डोक्यावर. किल्ल्या दिल्या म्हणजे कर्ज फिटलं, असं तिथला कायदा मानत नव्हता. असा माणूस बाजारात काय खर्च करणार? लाखो घरांनी एकदम हात आखडला, दुकानं बसली, त्यातून आणखी नोकऱ्या गेल्या. स्वतःचं चलन नव्हतं, त्यामुळे ते स्वस्त करून निर्यात वाढवायची सोय नव्हती. सरकारचा महसूल घरांच्या तेजीवर उभा होता, तो आटला आणि तूट वाढली. 2010 च्या मे महिन्यात युरोपच्या दबावाखाली सरकारी नोकरांचे पगार सरासरी 5 टक्क्यांनी कापले. लोकांच्या खिशात पैसा नसताना सरकारनंही खर्च आवरला. ही चूक होती असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

2019 मध्ये बेरोजगारी 14 टक्क्यांवर आली होती, पण बांधकामातली माणसं तेव्हाही जेमतेम 13 लाख. बाकीचे पांगले. कुणी जर्मनी गाठली, कुणी इक्वेडोरला परत गेलं. घरमालकीणबाईंचा भाऊ एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करू लागला, म्हाताऱ्यांना कूस बदलून देण्याचं काम. मागच्या वेळी फोनवर मी विचारलं, नोकरी पक्की झाली का? तर म्हणाला, सहा महिन्यांचं कंत्राट आहे, जूनमध्ये बघू.