पिंजऱ्याच्या या बाजूला

भटक्या मांजरांचे काम करणाऱ्या माणसाला समाज मनापासून मान देतो आणि त्या मानासोबत एक पुठ्ठ्याचे खोकेही देतो. खोक्याला हवेसाठी भोके पाडलेली असतात आणि आत डोळेही न उघडलेली चार पिल्ले एका सुरात रडत असतात. ते आणणारे गृहस्थ "आम्हालाही प्राण्यांची फार आवड आहे हो, पण..." एवढे बोलून, त्या 'पण'च्या पुढचे सारे माझ्या पदरात टाकून निघून जातात. अशा पिल्लांना दर दोन-तीन तासांनी बाटलीने पाजावे लागते, त्यांना गाईचे दूध सोसत नाही आणि साधारण 3 आठवड्यांची होईपर्यंत त्यांना लघवीही आपापली होत नसल्यामुळे, आई जे जिभेने करते ते मला ओल्या कापसाने करावे लागते. रात्री तीन वाजता "कर बाळा, कर" अशी माझी विनवणी ऐकून पत्नीने एकदा दिवा मालवला, तो माझ्या सोयीसाठी नव्हता.

तेव्हा दुखण्याच्या मुळावरच घाव घालावा, म्हणून मी नसबंदीकडे वळलो. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, सुमारे 9 आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तिच्या या वेगापुढे माझा एकुलता एक पिंजरा म्हणजे पुराला लावलेले गाळणेच. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून भुलीतच कानाचे टोक सरळ कापतात, म्हणजे ते मांजर लांबून ओळखता येते. लांबून, आणि अर्थातच उजेडात.

गेल्या आठवड्यात एका काळ्या मांजरीसाठी मी मासळी ठेवून पिंजरा लावला. आत पाय पडला की दार पडते, हे तत्त्व मला समजावून घ्यावे लागले होते, तिला ते उपजतच ठाऊक असावे. तिने पिंजऱ्याला तीन प्रदक्षिणा घातल्या, बाहेरूनच मासळीचा वास घेतला आणि पिंजऱ्याच्या छतावर बसून ती अंग चाटू लागली. मी एका मोटारीमागे उकिडवा बसलो होतो. रखवालदाराने विजेरीचा झोत तोंडावर मारून "काय चाललंय?" असे विचारले, तेव्हा मला कळले की रात्री दीड वाजता "मांजर पकडतोय" हे सत्य कोणत्याही थापेपेक्षा कमी पटते. त्याची समजूत घालून येतो तोवर छत रिकामे झाले होते.

अडीचच्या सुमारास दार खट्कन पडले. अंधार केला की मांजर शांत होते, म्हणून मी काळे अंग दिसताच पिंजऱ्यावर चादर टाकली आणि विजयी मुद्रेने घरी आलो.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी चादर बाजूला सारली आणि माझ्याकडे पाहिले. "हिला पुन्हा कशाला आणलंत? मागच्या वर्षी तुम्हीच तर आणली होतीत." मी वाकून पाहिले. डाव्या कानाचे टोक पट्टी लावून कापल्यासारखे सरळ होते. मासळीचा कणही न उरलेल्या थाळीशेजारी ती गाढ झोपली होती.