त्याला मारू नका, त्याचे टर्न खा

नमस्कार. तुमची नाराजी मनापासून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वॉरहॅमर या छोट्या बाहुल्या आणि फाशांच्या युद्धखेळावरच्या माझ्या आधीच्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं, की समोरचं महाबली कॅरेक्टर मरत नाही म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका, हा माझा सल्ला म्हणजे लढण्याआधीच हार मानणं; आणि नियमच असंतुलित असतील तर त्याचा भुर्दंड खेळाडूनं का भरावा?

दुसरा मुद्दा मला बराचसा पटतो. नव्वदच्या दशकातल्या वॉरहॅमर फँटसीला (या खेळाच्या जादूच्या जगातल्या अवताराला) लोक ‘हिरोहॅमर’ म्हणत ते उगाच नाही. जादुई शस्त्रं लादलेला एकटा वीर अख्खी पलटण उधळून लावायचा. पुढे 2010 च्या आठव्या आवृत्तीत लॉर्ड्सवर, म्हणजे सर्वांत बलाढ्य वीरांवर, सैन्य उभारायच्या एकूण पॉइंट्सच्या 25 टक्क्यांची मर्यादा आली. म्हणजे दुखणं खरं होतं आणि औषध नियमांतूनच आलं.

पण पहिल्या मुद्द्यावर मी ठाम आहे. वॉरहॅमर 40,000, म्हणजे या खेळाचा दूरच्या भविष्यातला अवतार, त्यातला एक सरासरीचा हिशेब मांडतो. तुमचे 18 शॉट. 3+ वर (फाशावर 3 किंवा जास्त पडल्यावर) नेम, म्हणजे 12 लागले. 5+ वर जखम, उरले 4. त्याचा इनव्हल्नरेबल सेव्ह (कुठल्याही शस्त्रानं कमी न होणारा बचाव) 4+, आत गेले 2. प्रत्येकी 3 डॅमेज धरलं तरी 6. त्याच्याकडे 16 वूंड्स (सोसता येणाऱ्या जखमा) असतील तर 10 शिल्लक, आणि तो पहिल्याच ताकदीनं अंगावर येतो. अर्धवट मारा हा सर्वांत वाईट पर्याय. एकाच टर्नमध्ये संपवण्याइतकी आग असेल तर जरूर झोका, नाहीतर त्या बंदुका दुसरीकडे वळवा.

आता त्याची बाजू बघा. डाव 5 राउंडचा. पहिला राउंड बहुधा चालण्यात जातो. उरलेल्या चारांत त्यानं दर वेळी 65 पॉइंट्सचं एक पथक खाल्लं तर झाले 260. तो स्वतः 350 चा असेल तर तोट्यात गेला! त्याला महागडं भक्ष्य मिळू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम.

माझ्या एका डावात पंखवाला राक्षस समोर होता. मी दहा साधे शिपाई कमानीत उभे केले, मागे तोफ. प्रतिस्पर्ध्यानं मिनिएचर उचललं, रांगेपलीकडे नेलं, बेस (बाहुलीच्या पायाखालची तबकडी) टेकवायला जागा शोधली. शिपाई आणि तोफ यांच्यामध्ये तो रुंद बेस मावेना. दोन-तीनदा फिरवून त्यानं तो रांगेसमोरच ठेवला. शिपाई गेले, तोफ वाचली, आणि तेवढ्यात माझ्या दुसऱ्या दोन पथकांनी ऑब्जेक्टिव्ह (गुण मिळवून देणाऱ्या जागा) धरले. ते दहा जण मी भ्याडपणानं नाही, विचारपूर्वक खर्च केले होते.

तुमची एक तक्रार मात्र रास्त आहे. पंखवाला माघार घेऊन रांगेवरून उडून जाऊ शकतो, हे मी आधीच्या लेखात लिहायला हवं होतं. माघार घेतलेल्या टर्नमध्ये, खास नियम नसेल तर, त्याला चार्ज, म्हणजे धावून जाऊन हल्ला, करता येत नाही. पण पुढच्या टर्नसाठी दुसरी रांग तयार हवी. ती त्याच्यापासून नऊ इंचांहून जरा दूर ठेवा. मग चार्ज पोचायला दोन फाशांवर मिळून 9 किंवा जास्त लागतात, आणि त्याची शक्यता 36 मध्ये 10 एवढीच.

तुमची आर्मी लिस्ट पाठवलीत तर पुढे कोणतं पथक ठेवायचं ते मिळून ठरवू.