क्लब कुणाच्या बापाचा नसतो

‘ज्याचा पैसा, त्याचा क्लब. पटत नसेल तर बघू नका.’

पुण्यात स्थायिक झालेल्या माझ्या शाळेतल्या मित्राने आमच्या ग्रुपवर हे लिहिलं आणि त्याच्याखाली भराभर अंगठे उमटले. विषय मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा होता. २०१९ मध्ये ६५ टक्के मालकी घेऊन आलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने डिसेंबर २०२५ मध्ये, इंडियन सुपर लीगच्या अनिश्चिततेचं कारण देत, आपला हिस्सा सोडला. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपला होता, नवा होत नव्हता, आणि ज्या हंगामात एव्हाना निम्मे सामने व्हायला हवे होते तो सुरूही झालेला नव्हता. मुंबईतले चाहते चिडले, कुणीतरी आम्हाला विचारायला हवं होतं म्हणाले. त्यावर मित्राचं हे उत्तर. कोट्यवधी रुपये घालणाऱ्याला तिकीट काढून आलेल्याने जाब विचारायचा नसतो, असं त्याचं म्हणणं.

मी इंग्लंडमधल्या रीडिंगमध्ये राहतो. मित्राचं वाक्य खरं धरून चाललेला क्लब आठ वर्षांत कुठे पोचतो, ते मी इथे डोळ्यांनी बघितलंय. म्हणून ते अंगठे मला झोंबले.

२०१७ च्या मे महिन्यात चिनी उद्योगपती दाई योंगगे यांनी इथला रीडिंग क्लब विकत घेतला. त्याच महिन्यात वेम्ब्लीवर हडर्सफील्डविरुद्ध पेनल्टीवर हरून प्रीमियर लीग हुकली होती, पण सगळ्यांना वाटत होतं, पुढच्या वर्षी. मालकाने पैसा घातला, भरपूर घातला. खेळाडूंच्या पगाराचा खर्च क्लबच्या एकूण उत्पन्नाच्या दुपटीवर गेला. तेव्हा इथल्या पबमध्येही माझ्या मित्रासारखं बोलणारे होतेच: त्याचा पैसा आहे, उडवू दे. मग हिशेब विचारला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये खर्चाचे नियम मोडल्याबद्दल लीगने सहा गुण कापले. एप्रिल २०२३ मध्ये आणखी सहा. त्या हंगामात रीडिंगचे ४४ गुण झाले आणि संघ लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत घसरला. ते सहा गुण असते तर ५० झाले असते, आणि ४९ वाला कार्डिफ खाली गेला असता. मैदानावर वाचलेला संघ कचेरीत बुडवला गेला.

त्यानंतर तर पैसाही थांबला. पगार उशिरा, कराची रक्कम उशिरा, पुन्हा गुण कापले, नवे खेळाडू घ्यायला बंदी. वर्षानुवर्षं क्लबच्या ऑफिसात काम केलेल्या माणसांना घरी पाठवलं. २०२४ च्या मार्चमध्ये बेअरवुड पार्कचं सराव मैदान शेजारच्या विकम क्लबला विकायचा घाट घातला गेला. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की तो व्यवहार मोडला. पण महिलांचा संघ कुणी वाचवला नाही. २०२३ पर्यंत देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये खेळणारा तो संघ २०२४ च्या उन्हाळ्यात खर्च झेपत नाही म्हणून थेट पाचव्या पायरीवर नेऊन ठेवला. माझी मुलगी त्यांचे सामने बघत मोठी झाली. तिला काय सांगायचं होतं? पैसा त्यांचा होता, गप्प बस?

इथले लोक गप्प बसले नाहीत. गावातून स्टेडियमपर्यंत मोर्चा काढला, मैदानात टेनिसचे चेंडू फेकले, खासदारांना गाठलं, लीगच्या कारभाऱ्यांना पत्रांवर पत्रं लिहिली. स्टार ही चाहत्यांची सभासद-संस्था आणि तिच्याबरोबरच्या मोहिमेने दाई यांनी क्लब विकावा ही एकच मागणी लावून धरली. १३ जानेवारी २०२४ ला पोर्ट व्हेलविरुद्धचा सामना सोळाव्या मिनिटाला थांबला. तोपर्यंत या मालकाच्या काळात सोळा गुण गेले होते. सुमारे हजार माणसं मैदानात उतरली आणि परत गेलीच नाहीत. सामना रद्द झाला.

मी ईस्ट स्टँडमध्ये होतो. माझ्या शेजारच्या सीटवर एक निवृत्त पोस्टमन बसतात, वडिलांचा हात धरून एल्म पार्कच्या जुन्या मैदानावर जायचे तेव्हापासूनचे. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपलाच सामना आपणच बंद पाडायचा, ही साधी गोष्ट नाही. घरी तुळशीला रोज पाणी घालणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने वृंदावन हलवावं, कारण भिंत अंगावर येतेय, असं काहीतरी मला त्यांच्याकडे बघून वाटलं. मी खाली उतरलो नाही. मुलगी बरोबर होती, आणि खरं सांगायचं तर व्हिसाच्या दिवसांपासून अंगात भिनलेली एक सावधगिरी अजून गेलेली नाही. पण मी ओरडलो. घसा बसेपर्यंत ओरडलो.

मे २०२५ मध्ये अखेर रॉब कूहिग यांनी क्लब घेतला. त्याआधी लीगने दाई यांना मालक म्हणून अपात्रच ठरवलं होतं. मित्राला हे सांगितलं की तो म्हणतो, ‘म्हणजे शेवटी दुसऱ्या पैसेवाल्यानेच वाचवला ना?’ हो, वाचवला. पण वाचवायला काही उरलं होतं, ते कुणामुळे? सराव मैदान विकलं गेलं असतं तर नव्या मालकाने काय घेतलं असतं? स्टेडियमच्या खुर्च्या?

या गावाने हे पूर्वीही केलेलं आहे. १९८३ मध्ये ऑक्सफर्ड क्लबचे मालक रॉबर्ट मॅक्सवेल यांनी रीडिंग आणि ऑक्सफर्ड एकत्र करून ‘थेम्स व्हॅली रॉयल्स’ नावाचा नवा क्लब काढायचं जाहीर केलं. मॅक्सवेल म्हणजे पैसा, छापखाने, ओळखी, सगळं. १८७१ पासूनचा क्लब एका सहीने नाहीसा होणार होता. ज्या दोन गावांचं फुटबॉलमध्ये कधी पटलं नाही, ती या एका गोष्टीविरुद्ध उठली आणि बेत बारगळला. आज रीडिंग आहे, ऑक्सफर्ड आहे, आणि दोघांचं वैरही शाबूत आहे.

आता आपल्याकडे बघा. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. २०१७ मध्ये मुंबई एफसी गेला. पुण्यात तर रांगच लागली: पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी. शेवटच्या संघाची जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली आणि हैदराबादची २०२५ मध्ये दिल्लीला. भाडेकरूने सामान टेम्पोत भरून जावं तशी लीगमधली जागा शहरं बदलत फिरली. पुण्यात ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवून घेणारी पोरं होती. बालेवाडीला ढोल घेऊन जायची. त्यांना कुणी विचारलं? एकाही बैठकीला बोलावलं?

मित्राचा यावर ठरलेला मुद्दा असतो: आपल्याकडे चाहतेच कुठे आहेत? पोरं रात्री जागून मँचेस्टर आणि बार्सिलोना बघतात, अंधेरीला मुंबई सिटीच्या मैदानावर कोण जातं? मला हा मुद्दा उलटा वाटतो. ज्या क्लबचा पुढच्या वर्षीचा पत्ता माहीत नाही, त्याच्यावर कोण जीव टाकेल? मँचेस्टरच्या प्रेमात पडलेल्या पुण्याच्या पोराला निदान एवढी खात्री आहे की तो क्लब उद्या लिव्हरपूलला हलणार नाही.

आणि आपल्याकडे चाहते नाहीत, हे कोल्हापूरच्या माणसाने तरी बोलू नये. मित्र माझ्याबरोबर शिवाजी पेठेत वाढला. शाहू स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्यांवर बुडाखाली वर्तमानपत्र घालून आम्ही शिवाजी तरुण मंडळाचे सामने बघितलेत. समोर पाटाकडील असेल तर दोन दिवस आधीपासून घरात जेवताना दुसरा विषय नसायचा. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी: प्रत्येक नावामागे एक गल्ली, एक तालीम, कट्ट्यावर बसलेली म्हातारी माणसं. या संघांना मालक कोण? मालक नाहीच. तालमीचा संघ. वर्गणी असते, पेठेतला एखादा बूट घेऊन देतो, दुसरा हंगामभर केळी आणि अंडी पुरवतो. संघ हरला की कारभाऱ्याला भाजी मंडईतून घरी पोचेपर्यंत दहा जण अडवतात आणि अमक्याला का खेळवलं, विचारतात. त्याला उत्तर द्यावं लागतं, कारण संध्याकाळी त्याच कट्ट्यावर यायचं असतं. अशा मातीतून अनिकेत जाधवसारखा पोरगा २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत गेला.

मित्र लगेच दगडफेकीची आठवण काढतो. काढू दे. भांडणं झाली, स्पर्धा थांबल्या, आता बाहेरून पैसे देऊन खेळाडूही येतात. पण इतक्या वर्षांत कुणी उठून ‘पाटाकडील तालीम मी विकत घेतली, उद्यापासून ती नाशिकला खेळेल’ असं म्हणाल्याचं कुणी ऐकलंय का? तसं म्हणणारा माणूस मिरजकर तिकटी ओलांडू शकेल का? शाहू महाराजांच्या गावात आपण हे शिकलो. कंपनीत मॅनेजर झाल्यावर हा माणूस ते विसरला, याचा मला राग आहे.

वाद वाढल्यावर त्याने लिहिलं, ‘तू गेलास तिकडे, तुला काय पडलंय? पौंडात कमवायचं आणि आम्हाला शिकवायचं.’

हे लागलं. लागायचं कारण मला माहीत आहे. शाहू स्टेडियममधली माझी जागा मी सोडून आलो. आज तिथे दुसरं कुणी बसतं, आणि ते बरोबरच आहे. इथे आलो तेव्हा पहिली काही वर्षं मी कुणाचाच नव्हतो. ऑफिसात ‘इंडिया टीमशी बोलणारा’, अर्लीमधल्या शेजाऱ्यांना ‘तो आयटीवाला’, गणपतीच्या हॉलमध्ये ‘कोल्हापूरचे’. शनिवारी पार्क अँड राइडच्या बसमध्ये निळे-पांढरे पट्टे घालून बसलो की मात्र कुणी काही विचारायचं नाही. थेट डाव्या बॅकला शिव्या द्यायला सुरुवात. मला माझी पेठ परत मिळाली होती. संघ वर जात असता तर ती इतकी मिळाली असती का, शंका आहे. क्लब बुडत होता, मोर्चात माणसं हवी होती, म्हणून माझ्या हातात फलकाचा एक दांडा आला. नोकरीसाठी आलेल्या परक्या गावात मी एका क्लबसाठी रस्त्यावर उतरलो. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा बालेवाडीला मीही जायचो, आणि पुण्याचा संघ गेला तेव्हा मला फक्त बातमी वाचल्यासारखं वाटलं. त्या संघाने मला प्रेक्षक म्हणून बोलावलं होतं, एवढंच. हे कबूल करताना मला वाईट वाटतं, कारण मित्राच्या बोलण्यातला खरा काटा तिथे आहे: माझा जीव इथे गुंतला आणि तिथे गुंतायचा राहून गेला. पण म्हणून तिथल्या पोरांचा प्रश्न खोटा ठरत नाही. त्यांना ते मिळावं, जे मला इथे मिळालं आणि पेठेत जन्मतःच मिळालं होतं.

काय मिळावं, हेही नेमकं सांगतो. इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला. २०१९ मध्ये ‘बरी’ नावाचा क्लब लीगमधून हाकलला गेला, त्यानंतर सरकारने चाहत्यांचं ऐकून घेणारी चौकशी नेमली आणि अनेक वर्षांच्या रेट्यानंतर हा कायदा आला. आता वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांवर स्वतंत्र नियामक आहे. मालकाचा पैसा कुठून येतो हे तो तपासणार, मैदान विकायचं किंवा हलवायचं तर त्याची परवानगी लागणार, आणि क्लबचं चिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर चाहत्यांचा बहुमताने पाठिंबा दाखवावा लागणार. पैसा मालकाचाच राहिला आहे. फक्त त्याच्या मर्जीला कुंपण पडलं.

मुंबई सिटीच्या चाहत्यांनी एवढंच मागावं: शहर बदलणार नाही, नाव-रंग आम्हाला विचारल्याशिवाय बदलणार नाहीत, आणि वर्षातून एकदा हिशेब आमच्यासमोर बसून सांगाल, असं लेखी द्या. यासाठी दिल्लीतल्या महासंघाची वाट बघायची गरज नाही. दोन लीग शील्ड आणि दोन चषक जिंकलेल्या, २०२२ मध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरलेल्या संघाच्या चाहत्यांना एवढं मागायला लाज कसली?

स्टारची सभासद वर्गणी कशी ठरते, निवडणूक कशी होते, क्लबच्या माणसांना प्रश्नांची यादी आधी कशी पाठवतात, हे सगळं मी मुंबईतल्या एका चाहत्याला मराठीत लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलंय. पहिली सभा अंधेरीतच घ्यायची म्हणतात, शाळेचा हॉल बघतायत. मित्रालाही मी निरोप दिलाय, पुण्याहून ये आणि तुझं म्हणणं तिथे उभं राहून मांड.